अकरा, नाहीतर एकही नाही

मी चौथी शिकलेला. पण टीम कशी उभी करायची ते मला कुणी शिकवू नये.

कतारमध्ये उम्म सलाल मोहम्मदच्या पुढे आमचा कॅम्प होता. मी पाइप फिटर, आणि कॅम्पच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन, बॉलर, मॅनेजर सगळं मीच. शुक्रवारी कुणाला ड्युटी नाही ते बघून टीम लावायची, वाळू भरलेलं पिंप फिरवून पिच दाबायचं. हिरवळीचं मैदान फक्त स्टाफच्या वसाहतीत. तिथे आम्हा कामगारांना खेळायला मनाई.

एकदा स्टाफ टीमचे कॅप्टन, नाशिकचे इंजिनियर, स्वतः कॅम्पवर आले. "काका, तुम्ही आणि तुमचा तो केरळी वेल्डर आमच्याकडून खेळा. परवानगी मी काढतो."

"आणि बाकीचे नऊ?"

"ते येऊ देत ना बघायला."

"बघायला टीव्ही आहे, साहेब. अकरा येतील, नाहीतर एकही नाही."

वेल्डर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही मनवायला गेलो नाही.

दोन महिन्यांनी स्टाफ टीमशी खेळणारी टीम आयत्या वेळी आली नाही. साहेबांचा फोन आला, "अकरा आणा काका. यल्ला, चला लवकर!"

त्यांनी आधी बॅटिंग करून ब्याण्णव केले. आमची सवय खारट, कडक जमिनीची. तिथे बॉल सरसरत अंगावर येतो. गवतावर तो थांबून आला. आमच्या पहिल्या तिघांनी आधीच बॅट फिरवली आणि ते कॅच देऊन परतले. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "खलास! गाडी काढा रे यांची!"

पुढचा नंबर माझा. मी पॅड बांधत होतो, तेवढ्यात आमचा अकरावा, लातूरकडचा, म्हणाला, "मामा, सकाळीच पाणी मारलंय म्या पिचला. बॉल थांबून येतोय. दम धरून मारा."

तो त्याच वसाहतीत गवताला पाणी घालायचा.

"आधी का नाही बोललास?"

"इचारलं कुणी?"

मी पॅड सोडले आणि त्याच्या पायाला बांधले. माझा हात घाईचा, हे मला पक्कं माहीत. तो उतरला तसे ते हसले, "माळीबुवा, झारी विसरलात!"

माळीबुवा शेवटपर्यंत हलले नाहीत. वेल्डरने दुसऱ्या बाजूने झोडपलं. सात विकेट राखून जिंकलो.

साहेबांनी हात मिळवला. "काका, तुम्ही उतरलाच नाहीत?"

"गरजच पडली नाही."

पुढे साहेबांनीच परवानगी काढली, आणि मी कॅम्प सोडेपर्यंत महिन्यातला एक शुक्रवार त्या मैदानावर आमचा होता. सगळ्या अकरा जणांचा.