विहिरीवरची बाई

बँकेत माझं अर्धं आयुष्य सह्या पडताळण्यात गेलं. चेकवरची सही आणि आमच्याकडची नमुना सही शेजारी शेजारी धरायची आणि माणूस खरा की खोटा ते ठरवायचं. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही. भाजीवाल्यानं आपणहून कोथिंबीर जास्त घातली तरी मी घरी येऊन पिशवी उलटीपालटी करते. त्यामुळे वसईजवळ पापडी गावातल्या आमच्या जुन्या घरात बाबांचं विहिरीचं चित्र मला वेगळं दिसलं, तेव्हा पहिला संशय गेला तो धाकट्या भावावर. तो त्या घरात राहतो.

आई-बाबा दोघंही शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा सुटली की घरातल्या आपापल्या कोपऱ्यात चित्रं काढत बसायचे. बाबा तैलरंगात, कॅनव्हासवर. आई जलरंगात, कागदावर. घरात एक कडक नियम होता: दुसऱ्याच्या चित्राला ब्रश लावायचा नाही. बाबांच्या झाडाची सावली चुकीच्या बाजूला पडली की आईला ते लगेच दिसायचं. चहाचा कप ठेवता ठेवता ती तेवढं सांगायची आणि निघून जायची. बाबा फुगून बसायचे आणि मग गुपचूप सावली बदलायचे. पण आईनं स्वतः कधी त्या सावलीला हात लावला नाही.

बाबांच्या चित्रांत माणसं नसायची. वाडी, पाट, विहीर, केळीची बाग, चर्चमागची भिंत, सगळं असायचं. माणूस आला की बघणारा त्याच्याकडेच बघत बसतो, असं ते म्हणायचे. आणि आता त्यांच्या विहिरीवर हिरव्या साडीतली एक बाई वाकून पाणी शेंदत होती.

बाबा गेल्यावर आईनं त्यांची सगळी चित्रं भिंतीवरून उतरवली होती, जुन्या चादरींत गुंडाळली होती आणि आपल्या खोलीत ठेवली होती. खारी हवा लागते, म्हणायची. मी दर रविवारी आचोळ्याच्या माझ्या फ्लॅटवरून तिच्याकडे जायची, पण त्या चादरी तिनं कधी सोडू दिल्या नाहीत. मला वाटायचं, दुःख आहे, राहू दे. मागच्या वर्षी तीही गेली. मग मुंबईच्या एका कलासंस्थेनं बाबांच्या चित्रांची चौकशी केली. जुनी वसई अशी कुणी रंगवलेली नाही, आम्ही ती नीट सांभाळू, म्हणाले. त्यांच्या बाई बघायला येणार म्हणून मी धूळ पुसायला आदल्या दिवशी गेले आणि पहिलीच चादर सोडली.

मी चित्र उलटं केलं. मागचं कापड जुनंच, खिळे गंजलेले. सही बाबांचीच, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. बँकेत मी ती डोळे झाकून पास केली असती, आणि त्यामुळेच माझी शंका वाढली. खोटं करणारा सगळ्यात जास्त मेहनत सहीवर घेतो. मी बाकीच्या चादरीही सोडल्या. पाटाकाठी केस वाळवणारी बाई. केळीच्या बागेत पाठमोरी बाई. चर्चमागच्या भिंतीला टेकून पायातला काटा काढणारी बाई. प्रत्येकीची साडी हिरवी. दारात भावाची नवीकोरी स्कूटर उभी होती, तिच्याकडेही माझं लक्ष गेलं.

संध्याकाळी भाऊ बसनं कामावरून आला.

“खरी चित्रं कुठे आहेत?” मी विचारलं.

“ही काय, तुझ्यासमोर.”

“बाबांनी बाई कधी काढली?”

त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. “आईनं काढल्यात. बाबा गेल्यानंतर. रंगाच्या ट्यूब मीच आणून द्यायचो. दुपारभर दार लावून बसायची.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही.”

“ताईला बोलू नको म्हणाली. ती चौकशी लावेल, म्हणाली.”

हे मला फार लागलं. पण विश्वास तरीही बसला नाही. आयुष्यभर ज्या बाईनं नवऱ्याच्या चित्रातली चुकीची सावली तोंडानंच दाखवली, ती त्याच चित्रात अख्खी बाई काढेल? मला नमुना हवा होता. आईची चित्रं दाखव, म्हटलं. भावानं कॉटखालून पत्र्याची पेटी ओढली आणि माझ्यासमोर ठेवून बाजूला झाला.

आत कागदांचा एकच काळा गठ्ठा होता. सगळे एकमेकांना चिकटलेले, बुरशीनं खाल्लेले. एक कोपरा सुटा करायला गेले तर त्याचा चुरा हातात आला.

“घरात पाणी शिरलं होतं ना, तेव्हाची,” भाऊ म्हणाला. “बाबांची भिंतीवर होती म्हणून वाचली. आईनं पेटी उघडली, बघितली, परत लावली. त्यानंतर तिनं कागद हातात घेतला नाही.”

त्या पावसात मीही येऊन गेले होते. बाबांची चित्रं शाबूत आहेत म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं, आणि आईच्या चित्रांचं मी विचारलंही नव्हतं. भिंत कुणाची आणि कॉटखालची जागा कुणाची, हे आमच्या घरात कुणी ठरवलं, कधी ठरवलं, याचा संशय मला त्या दिवशी पहिल्यांदा आला. बाबांवर मी कधी संशय घेतला नव्हता. मी पुन्हा विहिरीपाशी गेले. त्या बाईचा डावा खांदा उतरलेला होता. शाळेची जड पिशवी वाहून आईचा उतरायचा तसाच. तिनं प्रेमानं स्वतःला तिथे बसवून घेतलं होतं की रागानं, ते मला कळेना. मला तिचाही राग आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या बाई आल्या. बॅटरी आणि भिंग घेऊन त्यांनी एकेक चित्र तपासलं.

“चित्रं अस्सल आहेत,” त्या म्हणाल्या. “बाया तेवढ्या नंतर काढल्यात. मधे वार्निशचा थर आहे, त्यामुळे त्या अलगद पुसता येतील. खाली वडिलांचं चित्र जसंच्या तसं मिळेल.”

“नाही पुसलं तर?”

“मग आम्हाला घेता यायची नाहीत. आम्हाला एकाच्या हातचं चित्र हवं.”

“दोघांचं नाव लावा.”

“ते आमच्या नियमात बसत नाही, ताई.”

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, “इथे ठेवली तर हीसुद्धा त्या पेटीसारखी होतील. बाबांचं तरी वाचू दे.” त्याचं चूक नव्हतं. मी काहीच बोलले नाही. गप्प राहणं म्हणजे होकार, असं त्या बाईंनी धरलं असावं. त्यांनी कापसाचा बोळा बाटलीत बुडवला आणि विहिरीवरच्या बाईच्या कोपरावर हलकेच फिरवला. बोळा हिरवा झाला. मी त्यांचा हात धरला आणि थांबा म्हणाले.

चित्रं मी टेम्पोत घालून आचोळ्याला आणली. माझ्या फ्लॅटच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. बुरशी लागली तर दोघंही जातील, हे मला कळतं. मी सारखी मागून हात लावून बघते. भाऊ येतो, त्या बाईंचा परत फोन आला होता म्हणून सांगतो. चहा करायला उठले की मी त्यालाही आत बोलावते, चित्रांपाशी एकटा सोडत नाही. विहिरीच्या चित्रात कोपराच्या जागी आता बाबांचा दगड दिसतो. फार सुंदर रंगवला आहे. आईच्या हातचं जगात जे काही उरलं होतं, त्यातलं तेवढं मी गप्प उभी असताना पुसलं गेलं.