जाळावर शेकलेली बोटं

आसेगावच्या दंडारीत, गावच्या नाच-सोंगांच्या खेळात, मी बाईचं सोंग घेत असे आणि उकंडराव डफ वाजवत. त्यांच्या थापेवर माझे पाय आपोआप उठत. चाळिशीत त्यांच्या बोटांचे सांधे सुजले. सकाळी मूठसुद्धा मिटेना, आणि दिवाळीची दंडार तोंडावर आलेली. सैल पडलेला डफ आम्ही जाळावर शेकून ताणत असू. तशीच त्यांनी बोटंही शेकली. सूज आणखी भडकली.

"कायले जाळता हात? थे काय चामडं हाय डफाचं?" त्यांची बायको गोजराबाई ओरडली आणि त्यांना मंगरूळपीरच्या हकिमांकडे घेऊन गेली. मीही गेलो.

"मी वाजवीन ना, हकीमसाहेब?" उकंडरावांनी हात पुढे करत विचारलं.

"संधिवात आहे. पुरता जाईल असं सांगत नाही, पण दर्द कमी होईल," हकीम म्हणाले. "निर्गुडीचा पाला उकळून त्या कोमट पाण्यात हात ठेवा, बोटं हळूहळू हलवा. सूज आहे तोवर डफ बंद."

त्या दिवाळीला डफ दुसऱ्याच्या हाती होता आणि उकंडराव प्रेक्षकांत. त्यांची बोटं मांडीवर सावकाश हलत होती. मी ताल तिथूनच घेतला.