कडक, मधलं की मऊ

खंबाटकी घाटात माझ्या सासऱ्यांना एक शेळी हसली.

निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते सैन्यात होते, तिथं ट्रक चालवायचे आणि नव्या भरतीच्या पोरांना शिकवायचे. आष्ट्याला परत आल्यावर त्यांनी एक छोटी लाल गाडी सेकंडहँड घेतली, आता जिला हॅचबॅक म्हणतात तसली. पुढं त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. तेव्हा त्यांनी नव्यानं घरात आलेल्या सुनेला, म्हणजे मला, ड्रायव्हर केलं. शेजारी बसून ते लष्करी हिंदीत हुकूम सोडायचे. ‘क्लच दबाव’ म्हणाले की क्लच दाबायचा, ‘शाब्बास’ म्हणाले की सोडायचा. पहिले काही दिवस मला शाब्बासकी नेमकी कशाबद्दल मिळतेय तेच कळत नव्हतं.

आमचे हे शिरवळला कारखान्यात होते आणि तिथंच खोली घेऊन राहायचे. आम्ही कधीमधी त्यांना भेटायला जायचो. त्या दिवशी गाडीत मामा, सासूबाई, मी आणि ह्यांच्यासाठी तांदूळ, डाळी, लोणच्याच्या बरण्या असा सगळा संसार होता. घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत होती. एसटी पुढं गेली. सरकारी गाडी म्हणून मामांनी सोडून दिलं. मग शेळ्यांनी भरलेला एक टेम्पो आमच्या शेजारून सावकाश पुढं सरकला. मागच्या फळीवरून एका शेळीनं मान बाहेर काढली आणि पाला चघळत वळण येईपर्यंत मामांकडं बघत राहिली.

“हसली ती,” मामा म्हणाले.

“आवं, शेळी कवा हसती व्हय?” सासूबाई मागून म्हणाल्या. त्यांना मी आत्या म्हणायची.

“मी बघितलं. हसली.”

त्यानंतर घरात इंजिन हा एकच विषय उरला. मामांनी सैन्यात कुठल्याशा मोठ्या गाडीवर टर्बो बघितला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनाच्या तोंडात जादा हवा कोंबतो, एवढीच ती करामत. मामा मात्र ती आत्यांना अशी समजावायचे, “लहान पोराला भरवताना आपन म्हनतो न्हाई का, खा, खा, अजून खा? तसं हाय ते.” आत्यांना ते लगेच पटलं. कुणालाही जास्त खायला घालण्याला त्यांचा विरोध नसायचा.

ह्यांना कारखान्यात कुणीतरी सांगितलं, की जपानात अशाच छोट्या गाड्यांना टर्बो असतो, आणि तिथल्या मोडीत काढलेल्या गाड्यांची इंजिनं मुंबईत मिळतात. पुढच्या सुट्टीला हे टेम्पोतून एक इंजिन घेऊन आले, गोणपाटात गुंडाळलेलं. मामांनी ते सोप्यात ठेवून घेतलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गोणपाट उचलून दाखवलं. बाळ दाखवावं तसं. एका म्हातारीनं तर त्याच्यावरून बोटं मोडली.

सांगलीच्या एका मिस्त्रींनी ते आमच्या गाडीत बसवलं. आरटीओत नवा इंजिन नंबर चढवून आणायचं काम मामांनी स्वतः केलं, छातीवर पदकं लावून. मग मिस्त्रींनी आम्हाला बोलावलं आणि हात पुसत विचारलं, “ट्यूनिंग कसं पायजे? कडक, मधलं का मऊ?”

चहा विचारतायत असं वाटून आत्या म्हणाल्या, “मला नको.”

मिस्त्रींनी बॉनेट उघडून एक स्क्रू दाखवला. तो पिळला की टर्बो जास्त हवा कोंबणार, सैल केला की कमी. पेट्रोलचं आणि फायरिंगचं, म्हणजे ठिणगी कधी पडायची त्याचं, गणित त्यांनी कडकच्या हिशेबानं बसवून दिलं होतं. आता स्क्रू कुठं ठेवायचा ते घरानं ठरवायचं. खुणा करायला त्यांच्याकडं रंग नव्हता, म्हणून माझ्या पर्समधलं नेलपॉलिश घेऊन त्यांनी तीन ठिपके दिले.

मामा म्हणाले, “कडक.” हे म्हणाले, “मधलं.” ह्यांनी आलेखाच्या कागदावर काहीतरी काढून आणलं होतं, पण तो कागद उलटा धरलाय हे मिस्त्रींच्या लक्षात आलं, तेव्हा तो विषय तिथंच संपला. आत्या ठामपणे म्हणाल्या, “मऊ. मला मांडीवर पातेलं धरून बसावं लागतंय.”

त्याचं असं होतं, की बुद्धपौर्णिमेला आमच्याकडची खीर साताऱ्याच्या विहारात जायची. ते पातेलं आत्या कुणाच्या हातात देत नसत.

शेवटी दोन्ही टोकं चालवून बघायची असं ठरलं. आधी कडक. आत्यांना घेऊन हे एसटीनं निघाले. गाडीत मामा शेजारी, मी स्टेअरिंगवर. सांगलीहून निघालो. मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, काहीच झालं नाही. अजून दाबला, तरी काही नाही. मामा म्हणाले, “धीरज रखो. इंजन जोर से घूमेगा, तब टर्बो आयेगा.” आणि तेवढ्यात मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी गाडी सुटली. उसाची शेतं नुसती हिरवी पट्टी झाली. मामांची टोपी मागच्या सीटवर गेली आणि त्यांच्या तोंडून लष्करी हिंदी जाऊन आष्ट्याची मराठी बाहेर पडली. “आयायायाय! सोड, सोड, पाय सोड गं पोरी!”

तोवर आम्ही आष्ट्याच्या पेठेत शिरलो होतो. मी घाबरून पाय सोडला आणि सायलेन्सरमधून धडाम् असा बार निघाला. सलूनमधून एक गृहस्थ अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन रस्त्यावर आले.

“कुनी बार काढला रं?”

“आमच्या गाडीनं,” मामा काच खाली करून म्हणाले. आवाजात असा अभिमान होता, की त्या गृहस्थांनी तसल्या अवस्थेतही हात जोडले.

पण घरी आल्यावर मामांनीच गुपचूप स्क्रू सैल केला. पौर्णिमा जवळ आली होती आणि आत्यांच्या पातेल्याशी खेळण्याइतकं धाडस सैन्यातही कुणी शिकवत नाही.

पौर्णिमेला सकाळी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत निघालो. आत्या पुढं बसल्या, मांडीवर खिरीचं पातेलं, झाकणावरून फडकं बांधलेलं. मामा आणि हे मागं. मऊ ट्यूनिंगवर गाडी लोण्यासारखी चालली होती. पेठनाका गेला, कऱ्हाड गेलं, थेंब सांडला नाही. आत्या दर थोड्या वेळानं फडकं चाचपून म्हणायच्या, “बगा. मी म्हनलं हुतं का न्हवतं?”

उंब्रजच्या पुढं मागून हॉर्न वाजला. आमच्यासारखीच छोटी गाडी, पांढरी, साधी. ती शेजारी आली. आत आत्यांच्या थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या आणि त्यांच्याही मांडीवर पातेलं होतं. त्यांनी आमच्याकडं बघून मान हलवली, लहान मुलाकडं बघून हलवतात तशी, आणि गाडी पुढं निघून गेली.

या दोघींच्या खिरीचा इतिहास घरात सगळ्यांना ठाऊक होता. विहारात जिचं पातेलं आधी पोचेल, तिची खीर आधी वाढली जायची. दुसरी उरलीसुरली म्हणून घरी परत यायची.

आत्यांनी पातेलं दोन्ही हातांनी आवळून धरलं. मग समोर बघतच त्यांनी विचारलं, “ते कडक कुटं असतंय?”

“काय?” हे म्हणाले.

“ते इस्क्रूचं. थांबव गं गाडी.”

मी वडाखाली गाडी थांबवली. मामांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होताच. मला वाटतं ते झोपतानाही तो जवळ ठेवायचे. आत्या पातेलं मांडीवर घेऊन आतूनच ओरडत होत्या, “शेवटच्या ठिपक्यावर! मधल्यावर न्हवं!” ह्यांनी गॅस्केट, उष्णता असं काहीतरी म्हणून बघितलं. “तू गप,” असं आईवडील दोघंही एकदम म्हणाले. त्यांच्या लग्नानंतर एखाद्या गोष्टीवर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं असावं.

मग मी पाय दाबला. काहीच झालं नाही. आत्या म्हणाल्या, “बिघडलं का काय?” आणि गाडी सुटली.

मला वाटलं आता आत्या किंचाळणार. त्या किंचाळल्याही, पण शब्द वेगळे होते. “दाब! दाब गं! लय भारी! अजून दाब!” नागठाण्याच्या अलीकडं पांढरी गाडी दिसली. तिच्या शेजारून जाताना आत्यांना जाऊबाईंसारखीच मान हलवायची होती, पण टर्बोच्या जोरात मान सीटला चिकटली होती. त्यांनी नुसत्या भुवया हलवल्या. पुढं एक बैलगाडी आडवी आली, मी पाय सोडला, मागं बार निघाला आणि पुढं फडकं सुटलं.

विहारात आम्ही पहिले पोचलो. पातेल्यात तळाला थोडी खीर होती. बाकीची आत्यांच्या नव्या पांढऱ्या साडीवर, डॅशबोर्डवर आणि माझ्या डाव्या बाहीवर होती. गाडीत वेलदोड्याचा घमघमाट सुटला होता. आत्या तशाच ताठ मानेनं उतरल्या आणि पातेलं पंगतीच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं. पहिल्या ओळीतल्या काही लोकांना चमचा चमचा आली. मग जाऊबाई आल्या, भरलेलं पातेलं घेऊन. त्यांनी आत्यांच्या साडीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

“गाडीत काय बसवलंय गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“टर्बो,” आत्या म्हणाल्या.

जाऊबाईंनी मागं वळून आपल्या नवऱ्याकडं बघितलं. त्या बिचाऱ्यांना पुढच्या महिन्यात सांगलीच्या मिस्त्रींकडं जावं लागलं.

ट्यूनिंगचा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला. गाडी कडकवरच राहिली आणि मऊ-मधल्याचे ठिपके हळूहळू काजळीखाली गेले. पण आत्यांचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. एका रविवारी मामा झोपलेले बघून त्या मला म्हणाल्या, “मला शिकीव.”

आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर गेलो. आत्यांनी पदर खोचला, स्टेअरिंग भाकरीच्या पिठासारखं गच्च धरलं आणि क्लच सोडला. गाडी पहिल्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगानं निघाली. ॲक्सिलरेटरला त्यांचा पाय जेमतेम टेकला होता. माळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही तशाच गेलो. एक कुत्रं आमच्या पुढं निघून गेलं. आत्या जराही न हलता समोर बघत होत्या आणि दर थोड्या अंतरावर मला विचारत होत्या, “आला का गं टर्बो? आला की सांग हां. मी धरूनच बसलीय.”