देगीतलं मांजर

लासूर स्टेशनचे हबीबभाई भांड्यांना कल्हई करता करता एकच किस्सा सांगायचे. अठ्ठेचाळीस सालच्या पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत ते म्हणे तांब्याच्या मोठ्या देगीत लपले होते. एकदा मी गमतीनं विचारलं, "आत मांजरबिंजर नव्हतं ना?" पुढच्या खेपेला देगीत मांजर आलं! त्याच्या पुढच्या खेपेला ते बोचकारायलाही लागलं. भांडं तापवलं की नवी कल्हई चढते; आठवणही काढली की तशीच.

शेवटी त्यांची बायको जैतुनबी कडाडली, "लई झालं! देगीत मी लपले व्हते. हे तवा पैठणला व्हते. माझ्याकडूनच ऐकलंय सगळं."

हबीबभाईंनी मुकाट पुढचं भांडं घासायला घेतलं. चला, खरं एकदाचं कळलं!

तेवढ्यात जैतुनबीनं मनगट पुढं केलं. "ही बघा, मांजरानं बोचकारल्याची खूण."