तरवडाला पाणी

चूक तशी कॉलरवालीचीच. शर्टांच्या कारखान्यात ती फक्त कॉलरी शिवते, म्हणून हे नाव. बहिणीच्या बाळंतपणाला जाताना शेजारी राहणाऱ्या थोरल्या जावेला ती सांगून गेली, "जाऊबाई, अंगणाकडे बघा. जरा साफ ठेवा."

जाऊबाईंनी ठेवलं. अगदी साफ. परत येऊन बघते तो कुंपणालगतचा तरवड मुळासकट गायब! पाणी न मागणारं, शेळीसुद्धा तोंड लावत नाही असं ते रानझुडूप. पण आजूबाजूच्या बागा करपल्या तरी पिवळंधमक फुलायचं. बी रुजवण्यापासून तिनंच वाढवलेलं.

"अगं, रान माजलं होतं नुसतं. तूच म्हणालीस ना साफ ठेवा?" जाऊबाई म्हणाल्या. वर हसल्या.

'चुकलं' एवढं म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण ते काही त्या म्हणाल्या नाहीत. कॉलरवालीचं डोकं भणभणलं. दिवसभर हातात कॉलरीच कॉलरी, पण जी धरायची होती ती काही मशीनखाली येईना.

वाळवलेल्या शेंगा घरात होत्या. तिनं बिया गरम पाण्यात भिजवून डब्यांत पेरल्या. पुढे त्या रोपांना कळ्या धरल्या, तेव्हा पाणीटंचाईनं जाऊबाईंचे गुलाब माना टाकून बसले होते. जाऊबाई कुंपणाशी आल्या, आवाजात साखर घालून.

"एखादं रोप दे की गं."

"एखादं कशाला, त्यातलं सगळ्यात चांगलं न्या. फक्त पाण्याची हयगय नको हं. दोन्ही वेळा बादलीभर. तहानलेलं असतं बिचारं."

त्या गेल्यावर नवरा आतून ओरडला, "अगं, कुजेल ते!"

"तुम्ही गप्प बसा. मला उकळ्या फुटताहेत."

भर टंचाईत जाऊबाई बादल्या वाहत राहिल्या आणि कॉलरवाली खिडकीतून चहा पीत बघत राहिली. इतका गोड चहा तिला आयुष्यात लागला नव्हता.

रोप बुडातून काळं, लिबलिबीत झालं. जाऊबाई रडवेल्या होऊन आल्या.

"मेलं गं ते! आंघोळीचं पाणी वाचवून घातलं. माझंच काहीतरी चुकलं."

कॉलरवालीनं कान टवकारले. शब्द तोच, पण जमा झाला भलत्याच झाडाच्या नावावर.

"आणि आधीचं?" तिनं विचारलं.

"आधीचं कुठलं?"

म्हणजे उधारी होती तिथंच होती. कॉलरवालीनं दुसरा डबा उचलून त्यांच्या हातात दिला.

"काही नाही. हे न्या. पाणी मात्र आता तीन वेळा."