फळीवरचे रिकामे डबे

भावाने त्याचा जुना मॅक मला दिला, तेव्हा आमगावात तसा कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाकडे नव्हता. शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला त्यावर चालणारं ऑफिसचं सॉफ्टवेअर हवं होतं. गोंदियात चार दुकानदारांनी हसून परत पाठवलं. पाचवा स्टुलावर चढला, वरच्या फळीवरून डबा काढला आणि गळ्यातल्या दुपट्ट्याने पुसला.

"पहले सालभरात एक जात होता, मॅडम. या महिन्यात हा तिसरा."

सीडी त्याने मला दिली, पण रिकाम्या डब्यावर माझं गाव आणि फोन नंबर लिहून तो फळीवर ठेवला. तिथे तिरोडा, देवरी लिहिलेले आणखी डबे होते.

"डबा कायले पायजे?" मी चिडून विचारलं. त्यात नकली सीडी भरून विकणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

"कामी येते," तो म्हणाला.

सहामाहीच्या आदल्या दिवशी माझी फाइल शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडेना. त्याला फोन केला.

"मले त्यातलं नाही समजत. थांबा, डबे पाहतो."

दहा मिनिटांत तिरोड्याच्या एका अनोळखी बाईंचा फोन आला. फाइल जुन्या पद्धतीने कशी सेव्ह करायची, ते त्यांनी न कंटाळता सांगितलं.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नकली सीडीचा तो संशयही त्याच्यापाशी कबूल केला नाही.

पुढे एकदा फोन वाजला. "देवरीवरून बोलून राहिलो, मॅडम. दुकानवाल्यानं डब्यावरचा नंबर देला."

मी खुर्ची ओढून बसले. "बोला, काय अडलं?"