उत्तरेकडे वाहणारी नदी

"आमच्यात नदी वरतीकडं वाहती," असे म्हणून ती ओल्या हाताने हवेत उत्तर दिशा दाखवीत असे. निळ्या डोळ्यांची पोलिश बाई, आणि मराठी मात्र अस्सल कोल्हापुरी! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासित छावणीत ती वाढली, तिथल्याच एका मराठी कारकुनाशी तिने लग्न केले, आणि एकोणीसशे पन्नासनंतर ते दोघे अंधेरीला आमच्या चाळीत, त्याच्या आईकडे राहायला आले.

"उलटी नदी, उलटीच सून!" सासूबाई आतून म्हणत. चाळ हसे. मीही हसत असे.

सासुरवाशीण माहेर सांगते, तसे ती आपले खेडे सांगे. नदीच्या वळणावरची घरे, लाकडी चर्च, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून जाणाऱ्या घोडागाड्या.

"पाण्यावरून गाड्या? काय थापा मारते!" सासूबाई.

"रशियाचा राजा झाला, जर्मन आलं, मग आमचं राज्य आलं. गाव जागचं हललं न्हाई," ती शांतपणे पुढे सांगे. मग एका हिवाळ्यात रशियन सैनिकांनी गावकऱ्यांना मालगाडीत कोंबून दूर रशियात नेले; तिथून भटकत ती हिंदुस्थानात आली, आणि युद्ध संपल्यावर ते गावच रशियाच्या हद्दीत गेले.

तिला दिवस गेले, तेव्हा सासूबाईंनी भर गॅलरीत सुनावले, "पहिलं बाळंतपण माहेरचं. मी करायची नाही. जा म्हणावं त्या उलट्या नदीला!"

"अगं आई..." एवढे म्हणून नवरा चपला शोधू लागला. एकाही दारातून तिला 'ये' असा शब्द आला नाही. माझे दार तर समोरच होते.

"बरं. जातो मी माहेरला," ती म्हणाली, आणि एक ट्रंक घेऊन वळिवड्याला गेली. पोलिश लोक केव्हाच पांगले होते. फाळणीनंतर छावणीत सिंधी निर्वासित राहत होते. तिच्या जुन्या खोलीत एक सिंधी विधवा होती. तिने हिला ठेवून घेतले.

काही महिन्यांनी, बाळ पाहायला तिकडे गेलेला नवरा सामान न्यायला एकटाच आला. आता तिकडेच राहणार, म्हणाला. बारशाला त्याची आईही वळिवड्याला गेली होती; तिथले त्यानेच सांगितले. दारातच तिने त्या विधवेला आपादमस्तक न्याहाळले.

"तुम्ही हिच्या कोण लागता?"

त्या बाईने पाळण्याची दोरी सोडली नाही.

"माँ हूँ. दिखता नहीं?"